काचेवरचा हात

"आज जर कुणी कशाला घाबरून किंचाळलं, तर त्या व्यक्तीने उद्या घरी बसून आत्याच्या दुकानातले चष्मे पुसायचे," ताईने शहराचा नकाशा टेबलावर पसरत जाहीर केलं. 'कुणी' म्हणजे कोण, हे सांगायची गरज नव्हती. त्या टेबलाभोवती किंचाळणारी व्यक्ती एकच होती.

तिला खऱ्या नावाने घरात कुणी हाकच मारत नसे. लहानपणी पंख्याच्या सावलीला घाबरून ती आईच्या कुशीत दडली, तेव्हा 'भित्री भागूबाई' असं चिडवणं सुरू झालं आणि घाईघाईत त्याचं नुसतं 'भागू' झालं. आता ती अकरा वर्षांची घोडी झाली तरी भीती जशीच्या तशी. ताई चौदा वर्षांची, म्हणजे अख्ख्या जगाची पुढारी. तिसरा होता आत्याचा मुलगा. तो उठल्यापासून झोपेपर्यंत अंदाज वर्तवायचा आणि ते हटकून चुकायचे, म्हणून त्याला सगळे 'वेधशाळा' म्हणत.

दोघी बहिणी सुट्टीत पहिल्यांदाच आत्याच्या शहरात आल्या होत्या. आत्या आणि आतोबांचं चष्म्याचं दुकान. ते सोडून हिंडायला त्यांना वेळ कुठला? म्हणून त्यांनी तिघांना बसचे पास दिले, डबे दिले आणि अंधार पडायच्या आत घरात पाहिजे, अशी तंबी दिली. वेधशाळाला शहर ओळखीचं होतं, ताईला नकाशा वाचता येत होता आणि भागूला दोघांच्या मधून चालायला आवडत होतं.

पण दोन दिवस तिने पुरती शोभा केली होती. तळ्याच्या बागेत तिला पाण्याखाली बुडालेला माणूस दिसला. तिने आरडाओरडा केला, शिट्ट्या वाजल्या, नावा थांबल्या आणि मग तो बुडालेला माणूस शेवाळाचा गठ्ठा घेऊन वर आला. तो बागेचाच पाणबुड्या होता. दुसऱ्या दिवशी तारांगणात दिवे मालवल्यावर कुणीतरी तिचा पाय धरला. तो तिच्याच पिशवीचा पट्टा निघाला. अख्खं तारांगण हसलं होतं. ते हसू आठवलं की अजून तिचे कान तापत.

आज पाळी होती वनस्पती उद्यानाची आणि तिथल्या मोठ्या काचघराची.

"आज काही होणार नाही," वेधशाळा म्हणाला. "काचघरात झाडं असतात. झाडं कुणाला खात नाहीत."

ताईने कपाळाला हात लावला. "झालं! आता नक्कीच काहीतरी होणार."

काचघर म्हणजे काचेचा भला मोठा महालच होता. आत पाऊल टाकलं की गरम, ओलसर हवा तोंडावर यायची आणि चष्मा असला तर तो लगेच धूसर व्हायचा. बाहेर थंडी आणि आत अशी वाफ, त्यामुळे काचांना आतून सगळीकडे धुकं धरलेलं. पाय ठेवायला अरुंद वाटा, दोन्ही बाजूंना माणसाहून उंच पानं, आणि कुठेतरी सतत टपटपणारं पाणी.

येण्याजाण्याला दार एकच. दाराशी एक रखवालदार बसायचा आणि त्याच्या मागे लाकडी फळा. फळ्यावर खिळ्यांच्या ओळी आणि प्रत्येक खिळ्याला एक पितळी बिल्ला. आत जाताना बिल्ला घ्यायचा, बाहेर येताना परत द्यायचा.

"रिकामा खिळा नाही, म्हणजे आत माणूस नाही," रखवालदार मिशांवरून हात फिरवत म्हणाला. या व्यवस्थेचा त्याला भारी अभिमान होता. आजवर एकही माणूस चुकून आत कोंडला गेला नाही, असं त्याने विचारलं नसताना तीनदा सांगितलं.

त्यांच्या पुढेच एका बालवाडीची सहल उभी होती. पिवळे झगे आणि पिवळे सदरे घातलेली चिल्लीपिल्ली, दोन बसभर. रखवालदाराने त्यांच्या बाईंच्या हातात एकच मोठा गोल बिल्ला ठेवला. एवढ्या मुलांना एकच कसा, असं वेधशाळाने विचारलं. सहलीला एकच असतो, आपली पोरं बाई मोजतील, आपण पोरं मोजत बसलो तर झाडांना पाणी कोण घालणार, असं उत्तर मिळालं.

आत शिरून थोडा वेळ झाला असेल-नसेल, भागूच्या पायाशी काहीतरी लांब, हिरवं, ओलं सरपटलं. तिने असा काही टाहो फोडला की रखवालदार काठी घेऊन धावत आला. तो पाण्याचा पाइप होता, पलीकडून माळी ओढत होता.

"पाइपाला साप म्हणणारी पोरगी आजच पाहिली," रखवालदार हसत हसत परत गेला. भागूला वाटलं, धरणी दुभंगावी आणि आपण आत जावं. ताई तोंड फिरवून पुढे चालू लागली. चष्मे पुसायचं फडकं भागूच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं.

बाकीचा दिवस बरा गेला. निवडुंगांची वाट, कमळांचं कुंड, डबा खायला गवत. उद्यान बंद व्हायची घंटा झाली तेव्हा उन्हं उतरली होती. उद्या साप्ताहिक सुट्टी, म्हणून आज काचघरात कीड मारायची धुरी देणार, दार सकाळपर्यंत उघडणार नाही, अशी पाटी दाराला लावलेली होती. तिघांची बस मागच्या फाटकाशी थांबायची, म्हणून तिघं काचघराला वळसा घालून निघाली.

मागच्या बाजूला चिटपाखरू नव्हतं. भागूच्या बुटाची नाडी सुटली. ती खाली वाकली आणि तिची नजर समोरच्या काचेवर गेली.

धुकं धरलेल्या काचेवर एका हाताचा ठसा होता. लहानसा. पाच बोटं उमटलेली. आतल्या बाजूने.

भागूच्या अंगावर सरसरून काटा आला. ठशाच्या बोटांतून पाण्याचे थेंब खाली ओघळत होते. त्या बोटांच्या फटीतून आत काळोखी पानं दिसत होती. त्यातलं एक पान हललं. वारा बाहेर होता, आत वारा कुठून येणार? ओरडायला तोंड उघडलं, पण पाणबुड्या आठवला, पट्टा आठवला, पाइप आठवला, आणि आवाज आतच राहिला.

"ताई," ती कशीबशी म्हणाली, "आत कुणीतरी आहे."

ताईचा पारा चढला. तीन दिवसांत चौथ्यांदा लोकांपुढे हसं करून घ्यायची तिची तयारी नव्हती. दिवसभरात शंभर मुलांनी काचेला हात लावले असतील, त्यातला हा एक, असं तिने सुनावलं आणि भागूचं मनगट धरून तिला ओढू लागली. भागूलाही खरं तर तेच हवं होतं. पळून जावं, बसमध्ये बसावं, आत्याच्या घरातला दिवा दिसावा. पण तिचे पाय हलेनात.

"जुना ठसा असता तर त्यावर परत धुकं चढलं असतं," ती म्हणाली. "बघ ना, याच्यातून अजून पाणी ओघळतंय."

वेधशाळा खाली बसला. त्याने नाक जवळजवळ काचेला लावलं आणि ठसा निरखून पाहिला. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

"ती बरोबर बोलतेय," तो हळूच म्हणाला. "हा ठसा आत्ताचा आहे."

मग मात्र ताई सगळ्यांच्या पुढे पळत सुटली.

दाराशी एक माणूस हातगाडीवरून पत्र्याचे डबे उतरवून आत नेत होता. तो धुरीवाला. आतल्या टोकापासून एकेक डबा पेटवत दाराकडे यायचं आणि बाहेर पडून दार लावून घ्यायचं, हे त्याचं काम. शेवटचा डबा नेताना त्याने तोंडावर रबरी मुखवटा चढवला. दोन गोल काचांचे डोळे आणि तोंडाच्या जागी सोंडेसारखी नळी. तो वळला आणि भागूच्या काळजाचा ठोका चुकला. तो औषधवाला माणूस आहे हे माहीत असूनही ती ताईच्या मागे दडली. तोवर तो आत गेलासुद्धा.

ताईने रखवालदाराला धापा टाकत सगळं सांगितलं. त्याने शांतपणे फळ्याकडे बोट केलं. एकही खिळा रिकामा नव्हता.

"बिल्ले सगळे आले, म्हणजे माणसं सगळी आली," तो म्हणाला. "आणि हा ठसा कुणी पाहिला? या पाइपवालीने?"

वेधशाळाने बालवाडीच्या एका बिल्ल्याची आठवण करून दिली. त्यावर बाईंनी मोजूनच मुलं नेली असणार, शिकलेल्या बाई आहेत, असं रखवालदाराचं म्हणणं. ताईने एकदा दार उघडून हाक मारा म्हणून विनवलं. त्याने दार किलकिलं करून "कुणी आहे का रे आत?" असं खच्चून ओरडून दाखवलं. कुणी ओ दिली नाही. धुरीवालाही जाताना बघतच जातो, आता तुम्ही घरी जा, असं म्हणून त्याने खिशातून कुलूप काढलं.

भागू काचेतून आत बघत होती. धुक्यापलीकडे तो मुखवटा पानांतून हलत हलत दूर चालला होता. तिच्या मनात आलं, मी आत असते तर? तो रखवालदाराचा आवाज ऐकून मी बाहेर आले असते का? त्या सोंडेच्या प्राण्याला बघून मी ओ दिली असती का? मुळीच नाही. मी अंग चोरून, तोंड दाबून, आणखी आत जाऊन लपले असते. जो कुणी आत होता तो ऐकत होता, आणि म्हणूनच गप्प होता. हे तिला अगदी स्वच्छ कळलं.

तेवढ्यात आतल्या टोकाला पांढरा धूर दिसला. पहिला डबा पेटला होता.

हा माणूस आपलं ऐकणार नाही, ताईचं ऐकणार नाही, कुणाचंच ऐकणार नाही. तो ऐकतो फक्त खिळ्यांचं.

भागूने ताईच्या कानात चार शब्द सांगितले. ताईने तिच्याकडे असं पाहिलं, जणू ही आपली बहीणच नव्हे. मग ती रखवालदाराकडे वळली आणि माझी पाण्याची बाटली हरवली, तुमच्याकडे कुणी आणून दिली का, असं विचारू लागली. कुरकुरत तो हरवलेल्या वस्तूंच्या पेटीत वाकला. वेधशाळा मध्ये उभा राहून बाटलीचा रंग, झाकण, तिच्यावरचा ओरखडा, सगळं घोळवून घोळवून सांगत होता.

भागू फळ्याजवळ गेली. आयुष्यात तिने दुसऱ्याच्या वस्तूला न विचारता हात लावला नव्हता. हात लावताच बिल्ला खिळ्यावर खणखणला. रखवालदाराने मान वळवली तर? तिने डोळे मिटले, बिल्ला ओढला आणि मुठीत धरला.

"काका," ती म्हणाली. आवाज फाटला होता. "हा खिळा रिकामा आहे."

रखवालदार वळला. त्याने फळ्याकडे पाहिलं, परत पाहिलं. त्याच्या तोंडचं पाणीच पळालं. पुढे त्याने जे केलं ते मात्र एका क्षणाचाही उशीर न लावता. दाराशेजारची धोक्याची घंटा बडवली आणि भिंतीवरचं चाक गरागरा फिरवायला लागला. छताच्या काचा करकरत वर उचलल्या गेल्या. धुरीवाला धावत दाराशी आला. दोन डबे पेटलेत, आत कुणी नाही, मी पाहिलं ना, असं तो मुखवट्यातून बोलत होता.

"बिल्ला कमी आहे!" रखवालदार ओरडला. हातगाडीवरचा दुसरा मुखवटा चढवून तोही आत घुसला. दोघांच्या हाका सुरू झाल्या. बाहेरून त्या हाका कसल्या, डरकाळ्याच वाटत होत्या.

"असं नाही सापडणार," भागू रडवेली होऊन ताईला म्हणाली. "त्यांना बाहेर बोलाव. दार उघडं ठेव. ती मोठी माणसं आत असेपर्यंत कुणी बाहेर येणार नाही."

आणि ती एकटीच मागच्या बाजूला पळाली. सावल्या लांब झाल्या होत्या. ठसा होता तिथेच, पण आता त्याच्यामागे पानांऐवजी पांढरं पांढरं काहीतरी रेंगाळत होतं. भागू गुडघ्यांवर बसली आणि काचेच्या कडेकडेने रांगत निघाली. मी असते तर कुठे लपले असते? पाठीला भिंत लागेल अशा जागी. वर काहीतरी असेल अशा जागी. एका कुंड्यांच्या घडवंचीखाली तिला दोन पावलं दिसली. एका पायात बूट, दुसऱ्यात नुसता मोजा. वर पिवळ्या झग्याचं टोक.

तिने काचेवर हलकेच टकटक केलं. पावलं आत ओढली गेली. तिने पुन्हा टकटक केलं आणि तोंड काचेजवळ नेलं. घडवंचीखालून चार-साडेचार वर्षांची एक मुलगी तिच्याकडे बघत होती. दोन्ही हातांनी तोंड गच्च दाबलेलं, डोळे एवढाले. भागूला तिच्याशी गोड बोलायचं होतं, हसायचं होतं, पण तिला हसूच येईना. ती रडत होती, तिचे दात वाजत होते. शेवटी तिने नुसता हात काचेला लावला.

बराच वेळ काही झालं नाही. मग घडवंचीखालून एक छोटा हात आला आणि आतून तिच्या हातावर टेकला.

भागूने हात काचेवरून थोडा पुढे सरकवला. आतला हातही सरकला. ती रांगत एक पाऊल पुढे गेली, मुलगी पण गेली. अशा त्या दोघी निघाल्या, मध्ये काच आणि मागून धूर. मुलगी खोकली तेव्हा भागूला आपलाच श्वास अडकल्यासारखं झालं. पळ म्हणून ओरडावंसं वाटलं, पण पळायला लावलं तर ती परत लपेल, हे तिला माहीत होतं. ती जीव मुठीत धरून तशीच हळूहळू सरकत राहिली.

कोपऱ्यावर पाण्याची मोठी टाकी काचेला चिकटून उभी होती. मुलीला टाकीमागून फिरून यावं लागणार होतं. भागूने बोटाने खूण केली. छोटा हात काचेवरून सुटला. पिवळा झगा टाकीमागे दिसेनासा झाला.

टाकीच्या दुसऱ्या बाजूला भागू हात लावून बसली. कुणी आलं नाही. धूर आला, काचेशी घुटमळला. कुणी आलं नाही. देवा, मी तिला सोडायला नको होतं, असं भागू मोठ्याने म्हणाली. हे ऐकायला तिथे कुणी नव्हतं.

आणि मग काचेवर फट्‌दिशी एक तळहात आदळला.

तिथून दार जवळच होतं. ताईने दोन्ही मुखवटेवाल्यांना लांब ओढून नेलं होतं आणि वेधशाळा दाराला पाठ लावून ते उघडं धरून उभा होता. मुलगी उंबऱ्याशी आली तशी भागूने तिला उचलून कवटाळलं. दोघींनी मिळून असं भोकाड पसरलं की अर्ध्या उद्यानाला ऐकू गेलं असेल.

उद्यानाच्या अधीक्षकबाई धावत आल्या. प्रथमोपचाराच्या खोलीत परिचारिकेने मुलीला तपासलं, श्वास ठीक असल्याचं सांगितलं, पाणी पाजलं. फोन गेला तसा सारा प्रकार कळला. दोन बस होत्या, एकीकडच्या बाईंना वाटलं ती दुसरीत बसली आणि दुसरीकडच्यांना वाटलं पहिलीत. ती मात्र पडलेला बूट शोधत मागे राहिली होती.

रखवालदार अजून फळ्यासमोर उभा होता. मोठा बिल्ला तर केव्हाच परत आला, मग हा कमी कुठला? भागूने मूठ उघडली. बिल्ला इतका घट्ट धरला होता की त्याचा आकडा तळहातावर उमटला होता.

"मी चोरला," ती म्हणाली. "तुम्ही ऐकत नव्हता."

तो रागावणार म्हणून ताई पुढे सरसावली. पण रखवालदार खुर्चीवर मटकन बसला. "इतकी वर्षं मी खिळेच बघत आलो," तो म्हणाला. "काचेकडे बघायचं मला कधी सुचलंच नाही, पोरी." अधीक्षकबाईंनी बिल्ला हातात घेतला. आजपासून धुरीच्या आधी दोन माणसांनी मुखवट्याशिवाय कानाकोपरा फिरून बघायचा, घडवंच्यांच्या खालीसुद्धा, असा हुकूम त्यांनी तिथेच सोडला. मग सगळ्यांदेखत भागूच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, की असं डोकं आणि असं काळीज त्यांच्या अख्ख्या खात्यात शोधून सापडायचं नाही. फोन मिळताच दुकान बंद करून आलेले आतोबा मागे उभे राहून डोळे पुसत होते आणि चष्म्यावर वाफ आली म्हणून सांगत होते.

बस परतली. बालवाडीच्या बाई पायऱ्यांवरून उतरल्या नाहीत, जवळजवळ पडल्याच. त्यांनी मुलीला छातीशी धरलं. एवढे लोक हाका मारत होते, तेव्हा तू बाहेर का आली नाहीस, असं त्या रडत रडत पुन्हा पुन्हा विचारत होत्या.

मुलीने भागूकडे बोट दाखवलं.

"ते सगळे ओरडत होते," ती म्हणाली. "ही पण माझ्यासारखी घाबरली होती. म्हणून मी हिच्याबरोबर आले."

ताईने हळूच भागूचा हात हातात घेतला.